इंदूर: आईचा मोतीबिंदू, मुलाचा नंबर. डोळ्यांचा डॉक्टर पारखायचा कसा?

राजवाडा_ते_रीगल

नमस्कार मंडळी. सुदामा नगरात राहतो. घरात डोळ्यांचे दोन प्रश्न एकदमच आले आहेत.

आई, वय ६७, मधुमेह ९ वर्षांपासून, गोळ्या चालू. एका ठिकाणी सांगितलं, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, लेझरने काढू, प्रीमियम लेन्स टाकू, याच आठवड्यात या." दुसरीकडे म्हणाले, "अजून पिकला नाही, वर्षभर थांबा." दोन्हीकडे डोळ्यात थेंब घालून वगैरे काही बघितलं नाही.

मुलगा ७ वर्षांचा, दुसरीत. फळ्यावरचं दिसत नाही म्हणतो. चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर तपासलं तर दोन्ही डोळ्यांना उणे १.२५ सांगितलं.

डॉक्टरांची नावं नकोत, ती विचारली की धाग्यावर जाहिराती सुरू होतात. समोरचा माणूस नीट तपासतोय की नाही हे आपल्यासारख्याने ओळखायचं कसं, एवढंच सांगा.

---

नंबरवाली_ताई

ऑप्टोमेट्री हेच माझं काम आहे, तेव्हा आधी मुलाचं.

तो चष्मा अजून करू नका. लहान मुलांच्या डोळ्यातला फोकस करणारा स्नायू फार जोरकस असतो. मशिनीतलं चित्र जवळ आहे असं समजून मूल डोळा ताणतं आणि मशीन नसलेला उणे नंबर दाखवते, किंवा असलेला वाढवून दाखवते. म्हणून या वयात थेंब घालून तो स्नायू सैल करायचा आणि मगच नंबर काढायचा. सात वर्षांच्या मुलाला साधारणपणे सायक्लोपेंटोलेट १ टक्का किंवा होमॅट्रोपिन २ टक्के वापरतात. पाच वर्षांच्या आतल्या किंवा तिरळेपणा असलेल्या मुलांना ॲट्रोपिनचं मलम घरी ३ दिवस घालायला देतात. थेंबांनंतर पाऊण ते एक तास थांबावं लागतं. त्यानंतर तपासणारा अंधाऱ्या खोलीत हातात पट्टीसारखा प्रकाश घेऊन डोळ्यासमोर भिंगं बदलत बघतो. त्याला रेटिनोस्कोपी म्हणतात आणि मुलांच्या बाबतीत ती मशीनपेक्षा भरवशाची. ज्या ठिकाणी ही होत नाही तिथे मुलाला नेऊ नका, मग पाटी कितीही मोठी असो.

थेंबांचा अंमल सायक्लोपेंटोलेटचा साधारण एक दिवस, होमॅट्रोपिनचा दोन-तीन दिवस आणि ॲट्रोपिनचा दहा-पंधरा दिवसही राहतो. तेवढे दिवस वाचायला त्रास होतो, उजेड टोचतो. परीक्षेच्या आठवड्यात नेऊ नका.

दोन्ही डोळे वेगवेगळे झाकून तपासले का, हेही बघा. एका डोळ्याला मोठा नंबर आणि दुसरा चांगला असेल तर मूल तक्रारच करत नाही, चांगल्या डोळ्यावर भागवतं. दुर्लक्षित डोळा आळशी होतो. त्यावर चष्मा आणि पट्टीचे उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वात चांगले लागू पडतात, त्यामुळे तुमच्याकडे घालवायला फार वेळ नाही.

आता कोण काय करतो ते. चष्मेवाला, म्हणजे ऑप्टिशियन, कागदावरच्या नंबराप्रमाणे काच बसवून देतो. ऑप्टोमेट्रिस्ट चार वर्षांची पदवी घेऊन (त्यात एक वर्ष इंटर्नशिप) नंबर काढतो, कॉन्टॅक्ट लेन्स बसवतो आणि आजाराची शंका आली की डॉक्टरकडे पाठवतो. ऑपरेशन आणि आजारांचे उपचार हे नेत्रतज्ज्ञाचं काम: एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एम.एस. किंवा डी.एन.बी., नाहीतर दोन वर्षांचा डिप्लोमा, जुन्या पाट्यांवर 'डी.ओ.' किंवा 'डी.ओ.एम.एस.' लिहिलेला. गडबड होते ती दोन वर्षांचा सहायकाचा कोर्स केलेला माणूस पांढरा कोट घालून 'डॉक्टर' म्हणवून घेतो तेव्हा. पदवी विचारायला लाजू नका.

---

पडदा_पाहणारा

ताईंनी मुलाचं नेमकं सांगितलं, मी आईंचं बघतो.

दोन्हीकडे डोळ्यात थेंब घातले नाहीत, म्हणजे दोन्ही मतं बाजूला ठेवा. नऊ वर्षांचा मधुमेह असलेल्या माणसाचा पडदा (डोळ्याच्या आत मागचा, रेटिना) न बघता मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवणं चूक आणि "वर्षभर थांबा" म्हणणंही तितकंच चूक. टाइप २ मधुमेहात निदान होताच आणि त्यानंतर दर वर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासायचा असतो. साखरेमुळे पडद्याच्या मध्यभागी सूज असेल तर आधी तिचा बंदोबस्त करतात, मग ऑपरेशन. उलट झालं तर ऑपरेशननंतर सूज वाढू शकते. लेन्स उत्तम बसलेली असते आणि तरी आई म्हणतात, "काही फरक नाही." मग दोष सर्जनच्या हाताला लागतो.

पूर्ण तपासणी कशी दिसते ते सांगतो, म्हणजे काय गाळलं ते तुम्हालाच कळेल. आधी औषधं, साखर, रक्तदाब, घरात कोणाला काचबिंदू होता का, हे विचारतात. मग सहा मीटरवरच्या तक्त्यावर प्रत्येक डोळ्याची नजर, आधी चष्म्याशिवाय, मग चष्म्यासह, आणि जवळचं वाचन. नंबर बदलून नजर सुधारते का तेही बघायचंच, कारण कधी कधी मोतीबिंदू जेमतेम असतो आणि नवा चष्मा पुरतो. मग स्लिट लॅम्प, म्हणजे हनुवटी टेकवून बसायचं ते यंत्र. डोळ्याचा दाब. त्यानंतर थेंब. वीस ते चाळीस मिनिटांनी बाहुली मोठी झाली की डॉक्टर स्वतः भिंग धरून पडदा बघतो. सहायकाने काढलेला फोटो ही त्याची जागा नाही.

दाबाबद्दल थोडं जास्त. हवेचा फुगारा मारणारं यंत्र चाळणीपुरतं ठीक. आकडा १० ते २१ च्या बाहेर आला, किंवा डोळ्याची नस (ऑप्टिक नर्व्ह) संशयास्पद दिसली, तर डोळा बधिर करून निळ्या प्रकाशात टेकवून मोजायचा ॲप्लनेशनचा दाब घ्यायलाच हवा. आणि २१ च्या आत म्हणजे काचबिंदू नाही, असंही नाही. दाब नॉर्मल असूनही नस वाळणारे रुग्ण पुष्कळ आहेत, म्हणून नस बघण्याला पर्याय नाही. फील्ड चार्ट, म्हणजे आजूबाजूचं कुठपर्यंत दिसतं त्याची तपासणी, काढायला सांगितला आणि पहिला वाईट आला तर घाबरू नका. पहिल्यांदा बटण दाबायची सवय नसते, पहिला चार्ट अनेकदा टाकाऊच निघतो. कागदावर वरच्या कोपऱ्यात विश्वासार्हतेचे आकडे छापलेले असतात. ते न बघता एकाच चार्टवर जन्मभराचे थेंब सुरू करणाऱ्याला "पुन्हा काढूया का?" असं विचारा.

'लेझरने मोतीबिंदू' याचा बाजार फार झालाय. नेहमीच्या फेकोमध्ये, म्हणजे मोतीबिंदूच्या आजच्या ऑपरेशनमध्ये, लेझर नसतंच, अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी मोतीबिंदू फोडून ओढून घेतात, २.२ ते २.८ मिलिमीटरच्या छेदातून. फेम्टोसेकंद लेझर वेगळं, ते काही टप्पे करतं, खर्च वाढवतं, बाकी काम पुन्हा फेकोनेच होतं. तेव्हा "कोणतं लेझर?" एवढं विचारलंत की समोरच्याच्या उत्तरावरून पुष्कळ कळतं.

'पिकू द्या' हा सल्ला जुन्या काळातला. आता रोजच्या कामाला अडचण व्हायला लागली की काढतात. फार पिकलेला कडक मोतीबिंदू फोडायला जास्त ऊर्जा लागते, त्याने बुबुळाच्या (कॉर्नियाच्या) आतल्या पेशी मरतात आणि बुबुळ सुजतं. मात्र "याच आठवड्यात या" म्हणण्याचंही कारण विरळा. फुगलेल्या मोतीबिंदूने दाब वाढला असेल तर घाई, एरवी नाही. दोन्ही डोळे एकाच दिवशी करण्याचा प्रघातही आपल्याकडे सहसा नाही.

---

छत्रीबागकर

एवढं कशाला? जिथे मशिनी जास्त तिथे जा. जुनाट दवाखान्यात टॉर्च मारून बघतात, नव्या ठिकाणी दहा टेस्ट होतात.

---

पडदा_पाहणारा

भाऊ, दहा टेस्टचं बिल होतं, तपासणी होतेच असं नाही. ओ.सी.टी. (पडद्याच्या थरांचा स्कॅन) उत्तम यंत्र, पण कोणता प्रश्न मनात धरून ते काढलं हे डॉक्टरला सांगता आलं पाहिजे.

एका यंत्राबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. मोतीबिंदूच्या लेन्सचा नंबर डोळ्याच्या लांबीवरून ठरतो. लांबी १ मिलिमीटरने चुकली तर नंबर सुमारे २.५ ते ३ ने चुकतो. डोळ्याला टेकवून मोजणारा जुना ए-स्कॅन बुबुळ दाबतो आणि लांबी कमी दाखवतो. प्रकाशाने मोजणारी ऑप्टिकल बायोमेट्री डोळ्याला न शिवता मोजते, ती बरी. पण मोतीबिंदू फार दाट असेल तर प्रकाश आत जात नाही, तेव्हा पाण्याच्या कपातून घेतलेला इमर्शन ए-स्कॅन वापरतात. "लांबी कशावर मोजता?" हा प्रश्न विचारा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मापाआधी मऊ लेन्स किमान आठवडाभर आणि कडक लेन्स दोन-तीन आठवडे बंद ठेवायची, नाहीतर बुबुळाचं माप चुकतं.

आणि सर्वांत उपयोगी प्रश्न: "ऑपरेशन स्वतः तुम्ही करणार का, आणि दुसऱ्या दिवशी तपासणार कोण?"

---

काच_घासणारा

चष्म्याच्या वर्कशॉपमधून बोलतोय. डॉक्टर कितीही चांगला असो, शेवटचा घोळ आमच्याकडे होतो.

कागदावर स्फिअर (मूळ नंबर), सिलिंडर (तिरका नंबर), ॲक्सिस (सिलिंडरचा कोन), जवळचा ॲड (वाचनासाठीचा वाढीव नंबर) आणि चष्म्यासह नजर किती (६/६, ६/९), एवढं हवंच. नुसतं 'उणे १.२५' लिहिलेली चिठ्ठी अर्धवट. दोन बाहुल्यांतलं अंतर, म्हणजे पी.डी., आम्ही मोजतो, पण प्रोग्रेसिव्ह काचेत (दूरचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत) ते प्रत्येक डोळ्याचं वेगळं आणि फ्रेम चेहऱ्यावर ठेवून घ्यायचं. फ्रेमवर पेनाने बाहुलीची खूण न करता प्रोग्रेसिव्ह विकणारा दिसला की उठा. फ्रेम फार बुटकी असेल तर वाचनाचा भागच कापला जातो, आणि लोक म्हणतात प्रोग्रेसिव्ह आपल्याला झेपत नाही.

चष्मा हातात घेताना तिथेच लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर) लावायला सांगा, दोन मिनिटांचं काम. ॲक्सिस जुळतो का बघा. सिलिंडरची काच ३० अंश फिरली तर सिलिंडरचा उपयोग शून्य. दहा अंश फिरली तरी तिसरा हिस्सा गेला, मग डोकेदुखी. ग्राहक डॉक्टरकडे जाऊन भांडतो, चूक मात्र घासणाऱ्याची.

चाळिशी लागलेल्यांनी फुटपाथवरचे तयार वाचनाचे चष्मे घेतले तर आंधळे होत नाहीत, भीती घालू नका कुणी. फक्त दोन्ही काचा सारख्या नंबरच्या असतात आणि सिलिंडर नसतो. दोन्ही डोळे सारखे असतील तर तात्पुरतं चालतं.

---

फाइलवाला

पैशाची आणि कागदांची बाजू मी सांगतो.

डॉक्टरच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असणं बंधनकारक आहे. नॅशनल मेडिकल कमिशनच्या संकेतस्थळावर इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये नाव शोधून पदव्युत्तर पदवीची नोंद आहे का ते बघता येतं. नोंद दिसली नाही तर आरोप करायच्या आधी भोपाळला मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलकडे विचारा, रजिस्टर वेळेवर अद्ययावत होतंच असं नाही.

पॅकेजचा भाव ऐकताना लेन्सची कंपनी आणि मॉडेल लिहून मागा. 'इम्पोर्टेड' हे मॉडेल नव्हे. तपासण्या, नंतरचे थेंब, किती वेळा दाखवायचं, गुंतागुंत झाली तर पुढचं ऑपरेशन, हे पॅकेजमध्ये आहे की वेगळं, तेही लेखी. ऑपरेशननंतर लेन्सच्या डबीवरचं स्टिकर डिस्चार्जच्या कागदावर चिकटवलेलं असायला हवं, त्यावर नंबर आणि सिरियल असतात. ते नसेल तर डिस्चार्ज घेऊच नका. फाइलची प्रत मागितली तर ७२ तासांत देण्याचा नियम आहे.

विम्यात मोतीबिंदूला सहसा २ वर्षांची प्रतीक्षा आणि प्रत्येक डोळ्यामागे खर्चाची मर्यादा असते, पॉलिसी आधी उघडून बघा. ऑपरेशन त्याच दिवशी घरी पाठवण्याचं असलं तरी दावा मिळतो. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मानचं कार्ड २०२४ पासून मिळतं. आईंचं वय ६७, त्यामुळे वयाच्या नात्याने अजून नाही, पण कुटुंबाचं कार्ड असेल तर चौकशी करा. सरकारी बाजूला एम. वाय. (महाराजा यशवंतराव रुग्णालय) आणि स्कूल ऑफ एक्सलन्स फॉर आय आहेतच. रांग लागते, पण पडद्याचा माणूस, काचबिंदूचा माणूस वेगवेगळा मिळण्याची शक्यता तिथे असते.

---

धुळवड

शिबिरात करावं का मग? आमच्या महूकडच्या गावी दर थंडीत गाडी येते, ऑपरेशन फुकट.

आणि सासऱ्यांना प्रोस्टेटची गोळी चालू आहे, त्याचा डोळ्याशी संबंध नसावा ना?

---

पडदा_पाहणारा

गोळीपासून सुरू करतो, तिचा संबंध आहे. टॅमसुलोसिन असेल तर बाहुलीचा स्नायू ढिला पडतो, ऑपरेशन चालू असताना बाहुली आकसते आणि बुबुळामागचा रंगीत पडदा हलतो. सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारीने बसतो. आयत्या वेळी कळलं तर सोपं ऑपरेशन अवघड होतं. गोळी बंद करून फायदा नाही, परिणाम बंद केल्यावरही राहतो, फक्त सांगायचं. रक्त पातळ करायची गोळीही स्वतःहून बंद करू नका. थेंबांनी बधिर करून होणाऱ्या फेकोला ती सहसा चालते. आणि डॉक्टरची पारख इथेही होते: ज्याने औषधांची यादी विचारलीच नाही, त्याच्याकडे डोळा सोपवू नये.

शिबिराचं सरसकट वाईट नाही. गावात फक्त तपासणी आणि ऑपरेशन मोठ्या रुग्णालयाच्या थिएटरमध्ये, ही पद्धत चांगली. शिबिरात बहुधा टाके न घालता ६-७ मिलिमीटरच्या छेदातून ऑपरेशन करतात. हात चांगला असेल तर निकाल फेकोच्या जवळपास येतो, फक्त सिलिंडर थोडा जास्त राहतो. तिथे विचारायचं ते जंतुसंसर्गाबद्दल. २०१९ मध्ये आपल्याच इंदूरमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर संसर्ग होऊन कितीतरी जणांची दृष्टी गेली होती. प्रत्येक रुग्णाला निर्जंतुक केलेला वेगळा उपकरणसंच मिळतो का, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने कोण बघणार, आणि रात्री डोळा दुखला तर फोन कुणाला करायचा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर शिबिर सोडा.

पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं, डोळा लाल झाला आणि नजर काल होती त्यापेक्षा आज कमी झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. तासांवर गणित असतं.

---

नंबरवाली_ताई

गावाकडचं म्हणून एक भर. गव्हाचं कुसळ, सोयाबीनचा भुसा डोळ्यात गेला की लोक मेडिकलवाल्याकडून लालीचे थेंब घेतात. त्यात अनेकदा स्टिरॉइड असतं. कुसळाबरोबर बुरशी गेली असेल तर स्टिरॉइडने ती फोफावते आणि बुबुळावर पांढरा डाग पडतो. डॉक्टरने डाग खरवडून नमुना तपासायला पाठवला तरच योग्य औषध मिळतं. न खरवडता तीन-चार औषधं एकदम लिहून देणाऱ्याकडून कॉर्नियावाल्याकडे जा. हेच थेंब ॲलर्जीने डोळे चोळणाऱ्या मुलांना महिनोन्‌महिने घालतात आणि दाब वाढून काचबिंदू होतो. जुनी चिठ्ठी दाखवून बाटली पुन्हा घेऊ नका.

रंगपंचमीच्या गेरात (मिरवणुकीत) डोळ्यात रंग गेला, किंवा घरी चुना गेला, तर डॉक्टर शोधण्याआधी नळाखाली किमान १५-२० मिनिटं धुवा. चुन्याला त्याहून जास्त. कण पापणीखाली अडकलेला असतो, तो काढणं डॉक्टरचं काम.

---

राजवाडा_ते_रीगल

खूप आभार. मुलाला थेंबांच्या तपासणीला आणि आईला पडद्याच्या डॉक्टरकडे, असं ठरवतो. आईला उपाशी न्यायचं का? आणि मी तिला स्कूटरवर परत आणू शकतो ना?

---

नंबरवाली_ताई

उपाशी मुळीच नको, मधुमेह आहे. जेवण आणि गोळी वेळेवर. सोबत जुना चष्मा, सगळ्या गोळ्यांची पट्टी, तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आणि गॉगल न्या. कधी एका डोळ्यात प्रचंड वेदना होऊन दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली असतील तर थेंब घालायच्या आधी सांगा. अरुंद कोपऱ्याच्या डोळ्यात बाहुली मोठी केली की दाब चढू शकतो, तिथे आधी गोनिओस्कोपी करून कोपरा बघतात.

स्कूटर तुम्ही चालवणार असाल तर चालेल, आईंनी चार-सहा तास चालवू नये. दुपारी एकची वेळ घेऊ नका. उन्हात बाहुल्या मोठ्या घेऊन बाहेर पडणं त्यांना जड जाईल, संध्याकाळी पाचची मिळते का बघा.